एककाले विचार

मी अकरावीच्या वर्गात कविता शिकवत होते. ज्या ओळीशी मुलांनी जरा गप्प बसावं अशी माझी फार इच्छा होती, नेमकी तिथेच भिंतीपलीकडून आरोळी आली, "पाच काय? पाच बकऱ्या?"

माझा अख्खा वर्ग हसला. मीही हसले, कारण रागावून काही उपयोग नव्हता. सक्करदऱ्याच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात मी नुकतीच रुजू झाले होते आणि पलीकडच्या वर्गात कोण शिकवतं हेही मला ठाऊक नव्हतं. मधल्या सुट्टीत एक ठेंगणी, ठसठशीत बाई पदरावरचा खडूचा भुगा झटकत स्टाफरूममध्ये आली, माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तुम्ही नवीन मराठीवाल्या न? माझा आवाज येते का हो तिकडे?"

"येतो," मी म्हटलं.

"मग सांगा, मी आज काय शिकवलं?"

मी गोंधळले. "पाच बकऱ्या," एवढंच सुचलं.

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की दारावरून जाणारा शिपाई थांबून आत डोकावला. "बस! तेवढंच शिकवलं. आता वर्षभर तेच शिकवाचं आहे."

रसायनशास्त्राच्या कुंदा हटवार मॅडमशी माझी ओळख झाली ती अशी. पुढची बरीच वर्षं आमचे वर्ग शेजारी शेजारी राहिले. मी विज्ञानाला दहावीतच हात जोडले होते. पण भिंत पातळ होती आणि मॅडमना हळू बोलणं येत नव्हतं, त्यामुळे अकरावीच्या रसायनशास्त्राचा पहिला धडा मला माझ्या कवितांइतकाच पाठ झाला.

तो धडा मोजमापाचा. इतर शिक्षक तो दोन तासांत उरकून पुढे जात, कारण परीक्षेत त्याला फारसं वजन नाही. हटवार मॅडम तो जुलैत सुरू करत आणि पोळा जवळ आला तरी सोडत नसत. प्राचार्य कधी विचारत, "मॅडम, अभ्यासक्रम?" त्यावर त्या म्हणत, "सर, पाया भरून राहिली. भिंत एका दिवसात उभी करते." आणि खरंच पुढचे धडे त्या झपाट्यानं संपवत.

दरवर्षी नवी मुलं येत आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारत. मॅडम, हजारानं गुणू की भागू? दहावीपर्यंत त्यांनी कुठलं तरी ठोकताळ्याचं कोष्टक पाठ केलेलं असे, आणि मोठ्याकडून लहानाकडे की लहानाकडून मोठ्याकडे यात त्यांची हमखास गफलत होई. मॅडमचं उत्तरही दरवर्षी एकच.

"मले नको विचारू. एककाले विचार."

मग फळ्यावर अडीचशे मिलीलिटर लिहायचं. त्याच्यापुढे गुणिले, आणि एक अपूर्णांक. वर एक लिटर, खाली हजार मिलीलिटर. "आता पाह्य. वर मिली, खाली मिली. काट. काय उरलं? लिटर. तुले लिटरच पायजे होतं न? मग झालं. गुणलं का भागलं, ते आपोआप ठरलं."

कुणी तो अपूर्णांक उलटा लिहिला तर त्या ओरडत नसत. शांतपणे म्हणत, "कर पुरं." मुलगा पुरं करी. "काय उरलं?" मिलीलिटरचा वर्ग भागिले लिटर. "हे बाजारात मिळते का कुठं? जा, आण पावशेर." वर्ग खिदळे आणि तो मुलगा जन्मभर तो अपूर्णांक उलटा लिहीत नसे.

एकदा एका चुणचुणीत पोरीनं विचारलं, असं मधेच कशानंही गुणलं तर संख्या बदलणार नाही का? भिंतीपलीकडे मीही कान देऊन होते, कारण मला तोच प्रश्न पडला होता. मॅडम म्हणाल्या, "एक लिटर आणि हजार मिली एकच गोष्ट आहे न? तीच वर, तीच खाली, म्हणजे झालं एक. एकानं गुणल्यानं काही बदलते का? मी माहेरी कुंदी, सासरी सूनबाई आणि इथं मॅडम. बाई तीच, नाव बदललं."

हे सगळं त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं. त्या कुहीकडच्या एका खेड्यातल्या. घरात धान पायलीनं मोजलं जाई. त्यांच्या आजोळची पायली त्यांच्या घरच्या पायलीपेक्षा मोठी होती आणि त्यावरून आई-आजीचा दर सणाला वाद होई. "दोघी खऱ्या बोलत," त्या मला सांगत, "दोघी पाच पायल्या म्हणत आणि दोघींची पाच वेगळी. मी लहानपणीच ठरवलं, नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवाचा नाही."

हे भरवसा न ठेवणं वर्गापुरतं नव्हतं. स्टाफरूममध्ये चहावाला पोऱ्या विचारी, "मॅडम, साखर किती?" आणि मॅडमनी "दोन" म्हटलं की स्वतःच जीभ चावून "चमचे" जोडत. मे महिन्यात कुणी कपाळ पुसत "आज सेहेचाळीस आहे" म्हणालं की त्या वहीतून डोकं वर न काढता "सेल्सिअस" म्हणत. त्यांची स्कूटी होती. ती त्या इतक्या हळू चालवत की दोन्ही पाय जमिनीच्या वर वितीएवढे तरंगत असत, केव्हाही टेकायला तयार. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुताना त्या जुनी हिंदी गाणी म्हणत, आणि सूर लागत नसे हे त्यांना अजिबात कळत नसे. गुपित म्हणून सांगितलेली गोष्ट त्यांच्या तोंडून ग्रंथालयापर्यंत ऐकू जाई, म्हणून कुणी त्यांना गुपितं सांगत नसे. मी सांगत असे. कारण त्या सल्ला देत नसत, फक्त नीट ऐकत आणि मधेच एखादा असा प्रश्न विचारत की आपलं दुःख नेमकं केवढं आहे ते आपल्यालाच कळे.

महाविद्यालयाच्या अंगणात कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या नळ्यांचा एक मोठा चौकोनी सांगाडा होता. नवीन माणसाला वाटे, कुणीतरी मांडवाचं सामान विसरून गेलं आहे. तो मॅडमचा घनमीटर होता.

त्याची गोष्ट अशी, की एका वर्षी एकही मुलगा मानायलाच तयार होईना. मीटरमध्ये सेंटीमीटर शंभर, मग घनमीटरमध्ये घनसेंटीमीटरही शंभरच असले पाहिजेत, असं सगळ्यांचं म्हणणं. मॅडमनी फळ्यावर तीनतीनदा करून दाखवलं. मुलं वहीत उतरवून घेत आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा शंभर लिहीत. शेवटी त्यांनी विजेची कामं करणाऱ्या माणसाकडून नळ्या कापून आणल्या, कोपरे जोडले आणि एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा पिंजरा अंगणात उभा केला. मग प्रत्येकाला घरून पुठ्ठ्याचा एक ठोकळा करून आणायला सांगितलं, सगळ्या बाजू दहा सेंटीमीटरच्या. "हा तुमचा एक लिटर," त्या म्हणाल्या. "सांगा, या पिंजऱ्यात असे किती बसतील?"

"शंभर!" सगळे एका सुरात.

"लावा."

अकरावी विज्ञानाच्या दोन्ही तुकड्या ठोकळे घेऊन अंगणात उतरल्या. दुधाच्या खोक्याचे, बुटांच्या डब्याचे, लग्नपत्रिकांचे ठोकळे. कुणाचे तिरपे, कुणाचे फुगलेले. मीही माझा वर्ग सोडून खिडकीशी उभी होते आणि माझी मुलं माझ्या मागे. ठोकळे रांगेनं जमिनीवर लागत गेले आणि शंभर पुरे झाले तेव्हा पिंजऱ्याचा फक्त तळ भरला होता. वर सगळी हवा.

मग एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, हे तर तळच झालं."

"हौ," मॅडम म्हणाल्या, "आता मान वर कर आणि मोज, असे थर किती लागतील."

त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. पिंजरा तिथेच राहिला. सुट्टीत मुलं त्यात दाटीवाटीनं बसून डबे खात, परीक्षेच्या दिवसांत एखादी मुलगी त्यात एकटी बसून पाठांतर करी. एकदा पाहणीला आलेल्या कुणा साहेबांनी हे काय आहे म्हणून विचारलं, तर शिपाईच म्हणाला, "हजार लिटर आहे, साहेब."

माझ्यावरही त्यांनी एकदा प्रयोग केला. माझी धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिनं तिथल्या केकची कृती पाठवली आणि लेकीच्या वाढदिवसाला मी ती करायला घेतली. कृतीत लिहिलं होतं, भट्टी साडेतीनशेवर ठेवा. माझ्या ओव्हनची चकती अडीचशेवर संपत होती. मी चकती शेवटाला नेऊन ठेवली आणि केकचा कोळसा झाला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे हसत हसत सांगितलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"साडेतीनशे काय?"

"काय म्हणजे? अंश."

"कोणाचे अंश?"

मग त्यांनी कागद ओढला. मला वाटलं, आता तो अपूर्णांक येणार, काट-काट होणार आणि मला ते जमेल, इतक्या वर्षांत भिंतीतून तेवढं झिरपलं होतं. पण त्या म्हणाल्या, "इथं ते चालत नाही, मॅडम. लिटर आणि मिली यांचं शून्य एकच असते. काहीच नाही म्हणजे दोघांकडेही काहीच नाही. पण फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांचं शून्यच वेगळं आहे. इथं पाणी शून्याला गोठते, तिथं बत्तीसला. म्हणून आधी शून्य जुळवाचं, बत्तीस वजा कराचे, मग पुढचं माप."

मी वजाबाकी केली, पाचानं गुणलं, नवानं भागलं. एकशे सत्त्याहत्तरच्या जवळपास आलं. मला इतका आनंद झाला की त्याच संध्याकाळी केक पुन्हा केला आणि दुसऱ्या दिवशी डब्यात घालून नेला. मॅडमनी एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "साखर किती घातली?"

"दीड कप," मी म्हटलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढायच्या आत घाईनं जोडलं, "अमेरिकेचा कप."

आता पल्लवीबद्दल. पल्लवी भोयर मौद्याहून रोज एस.टी.नं यायची. मागच्या बाकावर बसायची आणि नाव पुकारलं की दचकायची. पहिल्या चाचणीत तिनं सगळी उत्तरं लिहून पुन्हा खोडली होती. मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"आत ये वं. खात नाही मी. मौद्याहून यायला किती वेळ लागते?"

"सव्वा तास, मॅडम."

"किती मिनिटं?"

"पंच्याहत्तर."

"गुणलं का भागलं?"

तिनं काय केलं ते तिलाच माहीत नव्हतं.

"पाह्य, तुले येते. मिनिट लहान आहे, म्हणून जास्त लागतात. हे तू रोज बसमध्ये बसून करून राहिली. वहीत आली की काहून घाबरते?"

पल्लवी एकदम हुशार झाली नाही. पण तिनं खोडणं सोडलं. हात वर करून "मॅडम, मले नाही समजलं" म्हणायला लागली, आणि हे म्हणायला वर्गात कुणालाच जमत नसे. मॅडमना त्याचंच फार कौतुक. "ती जे दिसते ते सांगते," त्या म्हणत.

पुढच्या वर्षी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून एक वयस्क परीक्षक आले होते. माणसं कमी होती म्हणून उत्तरपत्रिका वाटायला मला प्रयोगशाळेत उभं केलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

प्रयोग साधा होता. उभ्या काचनळीत जांभळं द्रावण. खाली चंबूत मोजून घेतलेलं, गरम केलेलं रंगहीन आम्ल. वरचं थेंब थेंब खाली सोडायचं. पडलेला रंग आधी नाहीसा होत राहतो. मग एका थेंबाला फिका गुलाबी रंग टिकतो. तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा लिहायचा. सरावाच्या वेळी सगळ्यांचा आकडा दहा मिलीलिटरच्या आसपास आला होता आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होता.

त्या दिवशी मुलं काम करताना कुजबुजत होती. मला वाटलं, परीक्षेची भीती. उत्तरपत्रिका गोळा झाल्या आणि परीक्षक त्या चाळू लागले. दहा पूर्णांक एक. दहा. नऊ पूर्णांक नऊ. दहा पूर्णांक दोन. मग ते एका पानाशी थांबले आणि त्यांनी विचारलं, "पल्लवी भोयर कोण?"

ती उभी राहिली.

"तुम्ही वीस लिहिलं आहे. तिन्ही वेळा. असं कसं?"

"सर," ती म्हणाली, तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता, "दहाला गुलाबी झालंच नाही. मी वाट पाहिली. वीसला झालं."

मागून कुणीतरी हसलं. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले, "होतं असं. चंबू नीट धुतला नसेल." आणि त्यांनी लाल पेन उचललं.

"थांबा, सर," हटवार मॅडम म्हणाल्या.

त्यांनी स्वतः एक चंबू धुतला, आम्ल मोजून घेतलं, गरम केलं, नळी भरली आणि तोटी सोडली. सगळे उभे. जांभळा थेंब पडे आणि विरून जाई. आकडा दहावर आला. चंबूत पाण्यासारखं स्वच्छ. मॅडमनी तोटी बंद केली नाही. बारा, पंधरा, अठरा. वीसला चंबूत गुलाबी रंग आला आणि तसाच राहिला.

मी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्या चंबूकडे पाहतच राहिल्या. मग मागे वळून कपाटाशी गेल्या, आदल्या दिवशी आम्लाचं द्रावण जिच्यात केलं होतं ती मोठी कुपी त्यांनी उचलली आणि तिच्या पोटावरचं वाचलं. पाचशे मिलीलिटर.

लिटरची कुपी आदल्या आठवड्यात फुटली होती. तिच्या जागी ही ठेवली होती. मॅडमनी एका लिटरला लागेल तेवढी आम्लाची पूड तोलली आणि अर्ध्या लिटरात विरघळवली. आम्ल दुप्पट कडक झालं होतं, म्हणून जांभळं द्रावणही दुप्पट लागत होतं.

त्या परीक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "सर, चूक माझी आहे. आम्लाचं द्रावण मी केलं. या पोरीचं बरोबर आहे."

परीक्षकांनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, बाकी सगळ्यांचं दहाच आहे. असू द्या. एवढं कुणी..."

"मग पल्लवीचं काय?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच, प्रयोगशाळेच्या बाहेरही गेला असेल. "आणि बाकीच्यांनी दहा पाहिलं कुठं?"

मुलांच्या माना खाली गेल्या. परीक्षक भला माणूस होता. त्यांनी पेन खिशात ठेवलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "नवीन द्रावण करा. सगळे पुन्हा करतील." मॅडमनी तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नवीन द्रावण केलं. पल्लवीला त्या म्हणाल्या, "तू नको करू, तुझं झालं." पण ती म्हणाली, "मी पण करते, मॅडम." यावेळी सगळ्यांचं दहाच्या आसपास आलं. तिचंही.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मॅडम एकट्या बसल्या होत्या. चहा पुढ्यात निवला होता. मी बाजूला बसले. एरवी त्यांचं बोलणं थांबवावं लागे, त्या दिवशी मला सुरुवात करावी लागली. मी म्हटलं, इतक्या वर्षांत एकदा झालं, मनाला लावून घेऊ नका.

"चुकीचं वाईट नाही वाटत मले," त्या म्हणाल्या. "कुपी हातात होती, मॅडम. तिच्यावर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. मले माहीत होतं न ती लिटरची आहे, म्हणून नाही वाचलं. आणि पोरायनं पण तेच केलं. त्यायले माहीत होतं दहा येते. मी वर्षभर ओरडून राहिली नुसत्या आकड्याकडे पाहू नका म्हणून, आणि त्यायनं शेवटी माझ्याकडे पाहून आकडा लिहिला." मग त्या जराशा हसल्या. "पण एक तरी निघाली न."

दुसऱ्या दिवशी मुलं माफी मागायला आली. दारात गर्दी करून उभी राहिली, पुढे कोण बोलणार यावरून ढकलाढकली. मॅडम म्हणाल्या, "माफी कायची मागून राहिले? मी तर तुमच्यापेक्षा मोठी चूक केली. वीस दिसलं तर वीस लिहिजा, झालं. जा आता, गणिताचा पेपर आहे तुमचा." पल्लवी त्यांच्यात मागे उभी होती. तिला त्यांनी वेगळं काही म्हटलं नाही, फक्त जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर एक नवीनच प्रथा सुरू झाली. कुठलंही द्रावण करायचं असलं की मॅडम मला प्रयोगशाळेत बोलावत. मी पहिल्यांदा चकितच झाले. "मला त्यातलं काय कळतं?"

"म्हणूनच. तुम्हाले काही माहीत नाही, तर तुम्ही जे लिहिलं आहे तेच वाचाल. मले माहीत आहे, म्हणून मी मनातलं वाचते."

मग मी चष्मा लावून उभी राहत असे आणि मोठ्यानं वाचत असे. कुपीवर, पाचशे मिलीलिटर. कागदावर, एक लिटरला अमुक ग्रॅम. काट्यावर, अमुक ग्रॅम. मॅडम डोळे मिटून ऐकत, जसं कुणी कविता ऐकावी तसं, आणि कुठे जुळलं नाही की एकदम डोळे उघडत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझा उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो अर्धा तास मला फार आवडे. खिडकीतून कडुनिंब दिसे, मॅडम भांडी विसळत आपलं बेसूर गाणं म्हणत, आणि मी एकेक बाटली उचलून तिच्यावरचं नाव वाचत असे.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण त्यांनी तीन वाक्यांत संपवलं आणि उरलेला वेळ सगळ्यांना पाटवडी वाढण्यात घालवला. हटवार साहेब, म्हणजे त्यांचे मितभाषी यजमान, आधीच निवृत्त झाले होते. दोघंही कुहीकडच्याच हटवारांच्या गावी, घराची डागडुजी करून, राहायला गेले. फोनवर बोलणं होई. मी नेहमी म्हणे, येते एकदा, आणि राहून जाई.

मागच्या जुलैत एका रविवारी शेवटी निघाले. नवऱ्यानं गाडी काढली. घरी पोचलो तर हटवार साहेब एकटेच ओसरीवर बसले होते. "ती धानाच्या शेतात, बांधीत आहे," ते म्हणाले, "रोवणी सुरू आहे. बोलावून आणू?" मी म्हटलं, नको, मीच जाते.

गावाबाहेर धानाच्या बांध्या पाण्यानं भरल्या होत्या. बाया एका ओळीत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, लावत होत्या आणि चिखलात मागे मागे सरकत होत्या. मी बांधावर उभी राहिले. मॅडम कोणत्या ते ओळखायला वेळ लागला नाही, त्यांची ओळ वाकडी गेली होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत चिखल. शेजारी त्यांची जाऊबाई होती.

"मॅडम, कुठं चालल्या वं? तिकडं दुसऱ्याचं वावर आहे!" जाऊबाई ओरडली आणि सगळ्या बाया हसल्या.

"चालू दे," मॅडम म्हणाल्या, "धान उगवलं म्हणजे झालं."

मग त्यांनी मला पाहिलं. "अवं मराठीवाल्या! घरी बसा, मी आलीच! भात टाकाले सांगा साहेबायले!" एवढं सांगून त्यांनी पऱ्ह्यांची जुडी वर करून हलवली. चिखलाचे थेंब त्यांच्या चष्म्यावर उडाले, ते त्यांनी खांद्यानं पुसायचा प्रयत्न केला आणि आणखी पसरवले. तेवढ्यात बाकीच्या बाया बऱ्याच दूर सरकल्या होत्या. मॅडम घाईनं पुन्हा वाकल्या आणि पचक पचक आवाज करत, मागे मागे जात, त्यांना गाठायला निघाल्या.